एक रात्र मशीनची, एक रात्र साच्याची

मोहबोडीच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची झडप, कधी उघडायचं आणि पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ जाऊ द्यायचं, हे मुखरू ठरवत नसे. ते गाव ठरवी. मुखरू फक्त ठरलेलं पाळून दाखवी. पण ठरवणं सोपं आणि पाळणं अवघड, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. धान गर्भात आलं आणि आभाळ कोरडं राहिलं की सख्खा भाऊ भावाचं पाणी तोडतो. अशा दिवसांत नहरेवर काठी घेऊन जो उभा असतो, त्याचा डोळा लागून चालत नाही.

आणि मुखरूचा डोळा लागला.

तोही भरदुपारी, मोहाच्या झाडाला टेकून. त्या दिवशी पाळी इसरूची होती. इसरूची बांधी नहरेच्या अगदी शेवटी. वरच्या अंगाला नहरेची कड फुटली, पाणी सारं नाल्यात उतरलं आणि मुखरू घोरत राहिला. शेवटी इसरूनंच येऊन त्याचा खांदा हलवला.

"मुखरूभाऊ! ओ मुखरूभाऊ! पाणी कुठी गेला गा माझा?"

"कुठी जाते? येऊन राह्यला ना," मुखरू डोळे चोळत म्हणाला.

"घोरणं तेवढा येऊन राह्यला खालपर्यंत. पाणी नाई आला."

पुढची पाळी येईतो उशीर झाला. त्या वर्षी इसरूच्या धानाला लोंब आली, पण निम्मी पोचट. इसरू भांडला नाही. भांडला असता तर मुखरूला बरं वाटलं असतं. तो फक्त बोलायचा थांबला.

मुखरूच्या घोरण्याची गावाला नवलाई नव्हती. लग्नात गेला तर वऱ्हाडी त्याची खाट बैलांच्या कोठ्यात टाकत, आणि सकाळी म्हणत, "बैल इचारून राह्यले, बुडगा कवा जाते म्हणून." मुखरूही हसे. जो घोरतो तो गाढ झोपतो, असंच तोही समजत होता. मग दिवसा डुलक्या का येतात, हे कोडं त्यानं कधी सोडवायला घेतलं नाही. वय झालं, एवढंच.

त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला, मात्र घोरण्याचा त्रास नव्हता. तिचा जीव टांगला जाई तो घोरणं थांबलं की. मध्येच सगळं गप्प होई, छाती हलेनाशी होई, आणि ती अंधारात उठून बसे. मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा आवाज, आणि पुन्हा गाडी सुरू. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या श्वासाबद्दल काय सांगायचं आणि कुणाला?

सांगितलं ते सुनेला. रंजीता गावची आशाताई होती. तिनं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात सासऱ्याला चंद्रपूरला नेलं. तिथं एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, मग मुखरूकडे पाहिलं.

"बाबा, झोपल्यावर तुमची जीभ आणि घसा मागे पडतो, वाट बंद होते. श्वास थांबला की शरीर तुम्हाला अर्धवट जागं करतं. पुन्हा झोप, पुन्हा बंद. तुम्ही रात्रभर झोपत नाही, रात्रभर जीव वाचवत राहता. मग दिवसा डोळा नाही लागणार तर काय होणार?"

मुखरूला हे पटलं. कारण सकाळी उठल्यावर त्याला नेमकं तसंच वाटे, रात्रभर कुणाशी तरी झुंजल्यासारखं.

हेमराजनं, म्हणजे मुलानं, मशीन आणून दिलं. छोटासा डबा, त्याला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. डबा हवा फेकतो, हवा घसा उघडा ठेवते. सोपी गोष्ट. पण मुखरूचा घसा असा घट्ट मिटणारा की त्याला जोर फार लागे. तेवढ्या जोरात तोंड आपोआप उघडे आणि हवा फसफस करत बाहेर निघे. काही हवा पोटात जाई. सकाळी पोट नगाऱ्यासारखं. रात्री कधीतरी तो झोपेतच मुखवटा ओढून फेकून देई.

"मळणीच्या बैलाले मुसकी बांधते तशी बांधली तुमाले," सुगंधाबाई म्हणाली.

"बैलाले बरं असते. त्याच्या पोटात कोणी हवा नाई भरत."

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकलं आणि त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तो तरुण मुलगा. त्यानं तोंड उघडायला लावलं आणि पहिलाच प्रश्न केला, "बाबा, हा तंबाखूचा खर्रा किती वर्षांपासून?"

"आता वर्षं कोण मोजते जी."

"मग आजपासून तरी सोडा. दात हलायला लागले तर साचा कशाला अडकवू?"

साचा म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पातळ खापा, एकमेकींत अशा अडकवलेल्या की खालचा जबडा थोडा पुढे राहावा. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते, मागे वाट मोकळी होते. खर्रा सोडणं सोपं नव्हतं. पानठेल्यासमोरून जाताना मुखरू तोंड फिरवून घेई आणि बडीशेप चघळे. पण सोडला. हिरड्या बऱ्या झाल्या आणि साचा बसला. घोरणं खाली आलं. मध्येच श्वास थांबण्याची भीती मात्र सगळी गेली नाही, आणि दुपारची डुलकीही. एकट्या साच्याला तेवढं जमणारं नव्हतं.

"आता दोन्ही वापरायचं," डॉक्टरीणबाई फोनवर रंजीताला म्हणाल्या. "आणि मग तपासायला या." रंजीतानं तेच सासऱ्याला सांगितलं.

मुखरूनं दोन्ही वापरलं. अगदी इमानानं.

पोळा महिन्यावर आला. पोळ्यानंतर गावाची बैठक बसते, आणि तुडुमाची चावी वर्षभर कुणाच्या हातात राहील ते तिथं ठरतं. पाणी संस्थेचे अध्यक्ष वामनराव, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मुखरू, तुझ्या बापानं जनमभर हे चावी सांभाळली, त्याची लाज वाटते म्हणून एक वर्ष थांबलो. डुलकी नाई गेली तर चावी गोपालले देऊ." गोपाल चांगला पोरगा होता, तरणा, चपळ. हेच तर मुखरूला खात होतं. वाईट माणसाला चावी जाणार असती तर भांडता तरी आलं असतं.

आणि डुलकी गेली नव्हती. एक दिवस बरा जाई, दुसऱ्या दिवशी डोळे मिटत. तो तसाच चंद्रपूरला गेला.

"दोन्ही वापरता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो जी. कोणावर अन्याय नाई केला."

"अन्याय?"

"एक रात्र मशीनची, एक रात्र साच्याची. पाळी बांधून देली. एकाही दिवशी चुकली नाई."

रंजीतानं कपाळाला हात लावला. "बाबाजी! दोन्ही म्हणजे संगच!"

"संगच कसं? एका डॉक्टरच्या दवाईवर दुसऱ्याची दवाई घ्यावं का? उद्या काही झालं तर कोणी इचारावं कोणाले?" मुखरू कळवळून म्हणाला. "आन् दोन बांध्यांले एकदाच पाणी सोडलं तर कोणालेच पुरत नाई. ज्याची पाळी त्याले पुरा."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण थट्टेनं नाही. "बाबा, ही दोन शेतं नाहीत. शेत एकच आहे, तुमचा घसा. साचा वाट रुंद करतो. वाट रुंद झाली की मशीनला एवढ्या जोरानं हवा फेकावी लागत नाही. मग तोंड उघडत नाही, पोट फुगत नाही. चूक माझी, मी नीट सांगायला हवं होतं."

मुखरूनं टेबलावर बोटानं नहरेसारखी एक रेघ ओढली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे नहर मोकळी केली तर तुडूम कमी उचललं तरी चालते."

"अगदी तसंच. पण किती कमी, ते तुम्ही ठरवायचं नाही. साचा घालून, मशीन लावून पुन्हा एक रात्र झोपायचं इथं. मग आकडा मी लावीन."

तसं झालं. साचा तोंडात असताना हवेचा जोर पुष्कळ खाली आणता आला.

घरी आल्यावर नातीनं, दिव्यानीनं, गाठलं. ती चौथीत होती आणि प्रत्येक गोष्टीचं 'काऊन' विचारल्याशिवाय सोडत नव्हती. मुखरूनं तिला शेतात ओलितासाठी वापरायचा तो चपटा प्लास्टिकचा पाईप आणायला लावला, गुंडाळून ठेवता येतो तो. हातभर तुकडा कापून तिच्या हातात दिला.

"फुंक याच्यातून."

दिव्यानीनं फुंकलं. पाईप मिटलेला. गाल फुगले, कान लाल झाले, तेव्हा कुठं पलीकडं जराशी हवा गेली.

"आता मी याचे दोन्ही काठ दाबून तोंड उघडं धरतो. आता फुंक. हळू."

हवा सहज गेली. पलीकडं ठेवलेलं वाळलं पान उडालं.

"अरे!" ती ओरडली. "मंग पहिले काऊन नाई धरलं?"

"त्याचं उत्तर तुह्या आजीले नको सांगू," मुखरू म्हणाला. "मी पाळी बांधून देली होती."

पहिले काही दिवस सकाळी जबडा आखडे. दातांच्या डॉक्टरनं सांगितलेली तोंडाची कसरत तो अंगणात बसून करी आणि कोंबड्या मान वाकडी करून बघत. पण एका सकाळी गाय हंबरत राहिली, दूध काढायला कुणी येईना. मुखरू उठून पाहतो तर सुगंधाबाई अजून झोपलेली. इतक्या वर्षांत ती त्याच्याआधी उठली नाही असं झालं नव्हतं. त्यानं तिला हलवलं नाही. स्वतःच बादली घेऊन कोठ्यात गेला. चालताना त्याच्या लक्षात आलं की डोकं हलकं आहे, रिकाम्या टोपलीसारखं.

बैठकीत वामनराव म्हणाले, "मुखरू म्हणते बरा झाला. म्हणायले काय जाते?"

"पाईप लावून झोपते म्हणे," मागून कुणीतरी टोमणा मारला. "आता पाणी बी त्याच्यातूनच देईल."

हसू पसरलं. मुखरू उठून उभा राहिला. आपण बरे झालो हे माणूस कशानं दाखवणार? तेवढ्यात इसरू बोलला. वर्षभरानं त्याचा आवाज मुखरूनं ऐकला.

"नुकसान माझं झालं, मी सांगतो. या वर्षी पहिली पाळी शेवटच्या बांधीची ठेवा. माझी. मुखरूभाऊ पाणी देईल. पाणी आला तर चावी त्याची. नाई आला तर संध्याकाळी गोपालची."

कुणालाच यात खोट काढता आली नाही.

दसऱ्याच्या आधी आभाळ कोरडं पडलं. पाळीच्या दिवशी मुखरूनं सकाळीच तुडूम उचललं, सारी नहर चालून पाहिली, दोन जागी कड मातीनं लिंपली आणि मोहापासून दूर, उन्हात उभा राहिला. दुपारी इसरू आला. पाणी पाहायला आलो म्हणाला, पण नजर मुखरूच्या डोळ्यांवर होती.

"बस गा," मुखरू म्हणाला.

"उभाच बरा."

थोड्या वेळानं बसला. मग मोहाला टेकला. धानाबद्दल, रानडुकरांबद्दल तुटक बोलला. मग बोलणं तुटलं. मुखरूनं वळून पाहिलं तर इसरूची मान छातीवर आलेली आणि तो घोरत होता.

मुखरूला हसू आलं. आता याची मजा सगळ्या गावाला सांगता येईल, असं मनात आलं. तेवढ्यात घोरणं थांबलं.

नहरेतलं पाणी वाहत होतं, होले घुमत होते, पण इसरूच्या छातीत काहीच हालत नव्हतं. मुखरूचं हसू विरलं. काठी त्याच्या मुठीत घट्ट झाली. पुढे होऊन हलवावं का, असं वाटेपर्यंत इसरू एकदम गुदमरून ओढल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा घोरू लागला. मुखरू उभ्या जागी ऐकत राहिला. पुन्हा थांबलं. पुन्हा सुरू झालं. सुगंधाबाईनं किती रात्री हे असं ऐकलं असेल, हे त्याला त्या उन्हात पहिल्यांदा कळलं.

खालच्या अंगाला पाणी चमकलं. शेवटच्या बांधीच्या काठावरून ते आत उतरत होतं, जमिनीच्या भेगा भरत, धानाच्या बुडाशी पसरत.

मुखरूनं इसरूच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ गा. पाणी आला तुझा."

इसरू दचकून उठला. आधी मुखरूकडं, मग खाली पाहिलं, आणि बांधांवरून धावत सुटला.

"इसरू!" मुखरूनं मागून हाक मारली. "सोमवारी तुले माझ्यासंग चंद्रपूरले येवा लागते!"

"काऊन? मले काय झालं?"

"तू ये तर खरं. रस्त्यानं सांगतो."

"पहिले पाणी तर पाहू दे, भाऊ!" खालून इसरू ओरडला. तो घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता आणि वाकून दोन्ही हातांनी बांधाचं तोंड मोठं करत होता.

मुखरू नहरेवरच थांबला. पाळी संपायला अजून वेळ होता.