संगीताची जागा

उमसुनायने तारेच्या बरोबर मध्यावर बोट दाबलं आणि तार छेडली. तीनतारी कोमुझमधून मोकळ्या तारेचाच स्वर निघाला, फक्त वरच्या सप्तकातला. मग तिने बोट सरकवून तारेचा एक तृतीयांश भाग दाबून धरला आणि उरलेला वाजवला. नारीनच्या गारठलेल्या सभागृहात ओव्हरकोट न काढता बसलेले बाकीचे गणिताचे शिक्षक पुढे झुकले. अपूर्णांक ऐकू येतो, हे बहुतेकांना नवं होतं.

गणित आणि विज्ञान कलेतून कसं शिकवायचं, याचं प्रशिक्षण द्यायला बिश्केकहून नुरझात नावाची तरुण बाई आली होती. उमसुनायला खरं तर यायचंच नव्हतं; तिचं आजवर खडू-फळ्यावर भागलं होतं. पण तिच्या गावच्या शाळेतले संगीतशिक्षक सागिनबेक हटून बसले. हिवाळाभर मधल्या सुट्टीत त्यांनी स्वतःचा कोमुझ तिच्या हाती दिला. ती चुकली की म्हणायचे, तुझं गणित बरोबर आहे, बोट थापा मारतंय.

चहाच्या वेळी नुरझातने तिच्यापुढे तळलेल्या बोरसोकची बशी सरकवली.

"तुमच्यासारख्या ताई असल्यावर काळजीच नाही. सप्टेंबरपासून लहान शाळांत संगीतशिक्षकाची वेगळी जागा ठेवणार नाहीत. ते तास तुम्हीच घ्यायचे."

उमसुनायने हातातला बोरसोक परत बशीत ठेवला. माझं नाव यादीतून काढा, ती म्हणाली. नुरझात गोंधळली. नाव काढलं तरी जागा राहणार नाही, तिने हळूच सांगितलं.

गावी उतरल्यावर उमसुनाय घरी न जाता थेट सागिनबेककडे गेली. ते अंगणात कोळसा फोडत होते. तिने सगळं सांगितलं, तरी त्यांचा हातोडा थांबला नाही. त्यांना हे बर्फ पडायच्या आधीच कळलं होतं. पुतण्या परदेशात येकातेरिनबुर्गला गोदामात आहे, तिथे खोकी उचलायला माणसं लागतात, मीही जाणार, ते म्हणाले. ते स्वतः साठीला आले होते. गुडघा वाकवताना अजूनही भिंत धरत होते.

"दादा, माहीत होतं तर मला शिकवलंत कशाला?"

"जागा जायची ती जाणारच होती. पोरांच्या कानावर निदान खरा सूर पडू दे."

उमसुनाय वाकून कोळशाचे तुकडे बादलीत भरू लागली.

तेवढ्यात त्यांची बायको काल्यिपा दारात आली. दारी आलेल्याला पावाचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय तिथे कुणी परत पाठवत नाही. काल्यिपाने उमसुनायकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं.

सागिनबेकचा हातोडा आता थांबला.

"तिचं मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "जागा जाणार आणि तास तुला मिळणार, हे तिला मी कालच सांगितलं."