ओल्या दुपट्ट्याची चाचणी

"मॅडम, काल दुपारी तुमची मशीन आपोआप झोपली, का धोंडबानं तिले झोपवली, एवढं येऊन सांगा. चारले मी ठाण्यात जाऊन राहिलो. तक्रारीत नाव कोणाचं लिहायचं ते तोवर ठरलं पाहिजे."

फोनवर बाबाराव होते. हुडकेश्वरला त्यांचा कुलर बनवायचा कारखाना आहे आणि त्याच्या मागे टिनाच्या छपराचं गोडाऊन. तिथे पंधरा दिवसांपूर्वी, एप्रिल संपता संपता, आग आणि घुसखोरी ओळखणारे सेन्सर मी बसवले होते. एम.एस्सी. झाल्यावर मिळालेल्या नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम. चाचणीच्या कागदावर खाली माझीच सही होती : प्रीती, वेळ दुपारी अडीच, सर्व सेन्सर चालू स्थितीत.

गोडाऊन दुपारी एक ते चार बंद असतं आणि अलार्म तेव्हाच लावलेला असतो. बाहेरच्यांना हे उलटं वाटेल. पण नागपुरात मे महिन्यात चोराला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. रात्री बारालाही पानठेल्यावर चार माणसं असतात. दुपारी दोनला कुत्रंसुद्धा नाल्याच्या पुलाखाली जाऊन पडतं.

काल, सोमवारी, त्याच वेळात कुलरच्या पंपांचं एक खोकं गेलं. चाळीस पंप, ऐन हंगामात. मागच्या भिंतीत कुलर बसवण्यासाठी सोडलेलं चौकोनी भोक आहे, त्यावर आतून प्लायवूड लावलेलं होतं. ते खाली पडलेलं सापडलं. पण सायरन वाजला नव्हता. पॅनेलच्या नोंदीत एक वाजून चार मिनिटांनी अलार्म लावला, चार वाजून दोन मिनिटांनी काढला, मध्ये काही नाही. लावणारा आणि काढणारा कोड गोडाऊन सांभाळणाऱ्या धोंडबांचा.

"म्हणजे आत कोणीच आलं नाही," बाबाराव मला गोडाऊनच्या दारात म्हणाले. "खोकं एकच्या आधीच बाहेर पडलं आणि प्लायवूड मले दाखवाले पाडलं. सोपं आहे."

धोंडबा शटरपाशी उभे होते. बावीस वर्षं बाबारावांकडे आहेत. शटर लावणं, उघडणं, कोणता माल कुठे आहे हे सांगणं, सगळं त्यांचं. कापडी पिशवीत त्यांनी आपला तांब्या, चष्म्याची डबी आणि भिंतीवरचं छोटं कॅलेंडर भरून ठेवलं होतं.

"काका, पिशवी काहून भरली?" मी विचारलं.

"कॅलेंडर माझं आहे," ते म्हणाले. "चार वाजता कोणी म्हणाले नको, का तेही चोरलं."

"पाहा, कसा बोलते!" बाबाराव भडकले. "बावीस वर्षं असाच तिरपा बोलून राहिला."

मी नळावर दुपट्टा भिजवला, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळला आणि कामाला लागले. चव्वेचाळीस अंशांत स्कूटीवरून आलेली मुलगी दुसरं काय करणार? शटर अर्धं उचलून ठेवलं, अलार्म लावला आणि मागच्या भोकापासून खोक्यांच्या रांगेसमोरून चालत आले. तिसऱ्या पावलाला सायरन असा बोंबलला की पलीकडच्या घरातलं बाळ रडायला लागलं.

"झालं!" बाबारावांनी हात झटकले. "मशीन टकाटक आहे. कोणी आलं असतं तर वाजली असती."

आता मला वाईट वाटलं. मी यंत्र तपासायला आले होते आणि यंत्रानं माझ्या तोंडून धोंडबांवर शिक्का मारला होता. धोंडबा माझ्याकडे पाहून हसले, म्हणजे माझीच समजूत काढल्यासारखे. "तुमची काही चूक नाही, बाई. तुमचं काम चांगलं आहे."

हे वाक्य मला अजून बोचतं.

मी सायरन थांबवला, अलार्म परत लावला आणि सावलीत नोंदी पुन्हा वाचत बसले. बाबारावांनी घरून पन्हं मागवलं. तेवढ्यात धोंडबांना आठवलं की त्यांचा जेवणाचा डबा आतच राहिला. अलार्म लावलेला आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि पन्ह्याच्या नादात आमच्याही. ते शटरखालून वाकून आत गेले, खोक्यांच्या रांगेसमोरून सावकाश शेवटपर्यंत गेले, डबा घेतला, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि तसेच परत आले.

सायरन वाजलाच नाही.

बाबाराव ग्लास हातात धरून थिजले. मग ओरडले, "पाहिलं? पाहिलं मॅडम? याले कुठलं तरी बटन माहीत आहे!"

"कोणतं बटन गा भाऊ? डब्याले बटन असते का?"

"मग काहून नाही वाजली?"

मलाही तेच विचारायचं होतं. मी म्हटलं, "बाबारावजी, आता तुम्ही जाऊन या."

ते ताठ मानेनं आत गेले. काही नाही. मग हात हलवले. काही नाही. मग सेन्सरच्या बरोबर समोर, वरातीत नाचावं तसे, दोन्ही हात वर करून गोल फिरले. एवढा मोठा माणूस, आणि सेन्सरचा बारीक लाल दिवासुद्धा लागला नाही. मी दुपट्टा सारखा करून आत पाऊल टाकलं. सायरन!

"हे मशीन फक्त पोरींले पाहते काय?" बाबाराव कानावर हात ठेवून ओरडले.

"पोरींना नाही," मी म्हटलं. तोवर मला कळलं होतं.

माझ्या पिशवीत लांबून तापमान मोजणारी छोटी बंदूक असते. मी खोक्यांच्या पुठ्ठ्यावर धरली : सदतीस पूर्णांक एक. बाबारावांच्या शर्टावर धरली : छत्तीस पूर्णांक चार. धोंडबांच्या कपाळावर : छत्तीस पूर्णांक आठ. आणि माझ्या दुपट्ट्यावर : चोवीस.

"म्हणजे मी कपाटासारखा आहे?" बाबारावांनी आकडे पाहून विचारलं.

"पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे. हा सेन्सर माणूस ओळखत नाही. मागे असलेली भिंत किंवा खोकी आणि समोरून जाणारी वस्तू यांच्या तापमानात फरक पडला की तो वाजतो. थंडीत माणूस भिंतीपेक्षा गरम असतो, म्हणून दिसतो. आज या टिनाखाली माणूस आणि खोकं एकाच तापमानाला आलेत. ओला दुपट्टा मात्र थंड आहे, म्हणून मी दिसते. काल कोरड्या अंगानं कोणी त्या भोकातून आलं असेल तर सेन्सरला ते दिसलंच नसणार."

"आणि तुम्ही मशीन लावली तेव्हा वाजली होती ते?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "तेव्हाही दुपार होती," मी म्हटलं. "तेव्हाही माझा दुपट्टा ओला होता."

खरी गंमत अशी, की आगीच्या सेन्सरसाठी मी त्या दिवशी शिडी लावून छताचं तापमान मोजलं होतं. टिनाखाली अठ्ठावन्न अंश भरलं, म्हणून नेहमीचा सत्तावन्नला वाजणारा सेन्सर बाजूला ठेवून जास्त तापमानाचा मागवला होता. त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटली होती. तीच बंदूक खाली खोक्यांवर धरायचं सुचलं नाही.

मी बाहेर येऊन मार्तंड सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "लिहून काही देऊ नको. म्हण, वायरिंगमध्ये तात्पुरता अडथळा होता."

"सर, मग वायरिंगला हात कोणी लावला, असं बाबाराव विचारतील. ते धोंडबाकाकांचं नाव देतील."

"आणि लिहून दिलंस तर तुझी चाचणी चुकली, हे नक्की होते. पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं की नाही, हे मला ठरवायचं आहे, प्रीती."

"हो सर. पण आकडे तेच आहेत."

ते म्हणाले, "दोन पद्धतींनी पाहणारा सेन्सर उद्या पाठवतो. एका पद्धतीत तापमान पाहतो, दुसरीत हालचाल. आणि स्पेलिंग नीट लिही." फोन ठेवला. याचा अर्थ काय, हे मला अजून कळलेलं नाही.

मी सेवा-नोंदीच्या कागदावर चारही आकडे लिहिले आणि खाली लिहिलं : बसवताना केलेली चाचणी ओल्या कपड्यानिशी केल्यामुळे सदोष, त्यामुळे सोमवारी अलार्म न वाजण्यावरून कोणाबद्दलही निष्कर्ष काढता येत नाही. मग सही केली.

बाबारावांनी कागद दोनदा वाचला. धोंडबांकडे न पाहता म्हणाले, "तक्रारीत अज्ञात लिहितो."

"लिहा," धोंडबा म्हणाले.

"आणि ते कॅलेंडर लाव परत. भिंत भुंडी दिसून राहिली."

धोंडबांनी पिशवी उचलली नाही. "नवीन मशीन येईपर्यंत काय? उद्या परत दुपार होईल."

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, खोकी थंड ठेवली तर हाच सेन्सर चालेल. बाबारावांनी माझ्याकडे पाहिलं, मग तयार कुलरच्या रांगेकडे. चाळीस वर्षं कुलर विकणाऱ्या माणसाच्या गोडाऊनमध्ये आजवर एकही कुलर चालला नव्हता. मागच्या भोकात एक बसवला, म्हणजे भोकही बुजलं, आणि वारा सेन्सरवर जाणार नाही असं तोंड वळवलं. पाऊण तासात पुठ्ठ्याचं तापमान एकतीसवर आलं.

चारला दहा कमी असताना मी अलार्म लावला. चालून दाखवायला बाबाराव पुढे झाले, पण धोंडबांनी त्यांना हातानं मागे सारलं. मी गळ्यातला दुपट्टा काढून त्यांच्याकडे केला, सवयीनं.

"ठेवा तुमच्याजवळच," ते म्हणाले. "मी कोरडाच जातो."

चार पावलं गेले. सायरन बोंबलला. धोंडबा मध्येच थांबले, वर सेन्सरच्या लाल दिव्याकडे पाहत राहिले, आणि बाबारावांना ऐकू जावं म्हणून त्या आवाजावर ओरडले, "भाऊ! आता दिसलो गा तुमच्या मशीनले!"

बाबारावांनी सायरन बंद केला नाही. ते कॅलेंडर घेऊन भिंतीत खिळा ठोकत होते.