आठ नंबर बाहेर

रॅव्हन्सबी टाउन या फुटबॉल क्लबच्या मधल्या फळीत खेळण्यात क्लाइव्ह ऑर्मरॉडची उभी जवानी गेली. गुडघे गेल्यावर क्लबने त्याला प्रशिक्षक केलं. आज हंगामाचा शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी टाउन टिकणार होतं. हरलं तर खालच्या विभागात घसरण पक्की. उत्तरार्ध निम्मा सरला तरी गोलफलक कोराच होता.

तेवढ्यात कॉर्नरवर उडी मारताना कर्णधार टॅटरसॉलचं डोकं पाहुण्या संघाच्या बचावपटूच्या डोक्यावर आपटलं. आवाज बाकापर्यंत आला.

फिजिओ जोन धावली. तिने बोटं दाखवली, प्रश्न विचारले. टॅटरसॉलने फटाफट उत्तरं दिली आणि उठून उभा राहिला. स्टँडमधून गजर झाला.

"उत्तरं बरोबर आहेत, पण मला तो काही ठीक वाटत नाही," परत येत जोन म्हणाली.

"नजर ठेव," ऑर्मरॉड एवढंच म्हणाला. टॅटरसॉल गेला की मधली फळी म्हणजे सताड उघडं दार, हे त्याला ठाऊक होतं.

थोड्या वेळाने टॅटरसॉल रेषेजवळ चेंडू घ्यायला आला. "बॉस, किती झाले?"

"शून्य-शून्य."

त्याने चेंडू आत फेकला, चार पावलं गेला आणि मागे वळला. "बॉस, किती झाले?"

ऑर्मरॉडचा जुना जोडीदार बॅरी जन्मभर डोक्याने चेंडू अडवत राहिला. आता तो बायकोलाच दिवसभर विचारतो, तू कोण म्हणून.

"बदलीचा बोर्ड वर कर. आठ नंबर," तो सहायकाला म्हणाला.

"कर्णधाराला? आत्ता? वेड लागलंय का?"

"कर म्हटलं ना!"

मैदानभर निषेधाच्या शिट्ट्या सुरू झाल्या. बाकामागून एक म्हातारा ओरडला, "ए ऑर्मरॉड, डोकं त्याचं आपटलं की तुझं?"

"मी ठणठणीत आहे!" टॅटरसॉल ऑर्मरॉडच्या अंगावर आला. "बुडवणार तुम्ही क्लब!"

"खाली बस."

शेवटची मिनिटं सरता सरेनात. एक फटका खांबाला लागला, दुसरा गोलरक्षकाने पायाने अडवला. आणि पंच घड्याळ बघत असतानाच पाहुण्यांचा एक पोरगा नेमका मधून घुसला. गोल. टाउन खालच्या विभागात गेलं.

कपडे बदलायच्या खोलीत टॅटरसॉलला भडाभडा उलट्या झाल्या. इस्पितळात तपासणीत काही निघालं नाही. ऑर्मरॉड बरोबर होता असं म्हणायला त्यामुळे कुणालाच जागा उरली नाही. क्लबने आठवड्याभरात त्याला नारळ दिला.

शरद ऋतूत एका दुपारी ऑर्मरॉडच्या घराचं दार वाजलं. बाहेर टॅटरसॉल उभा होता, ट्रॅकसूटमध्ये. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो पुन्हा खेळायला लागला होता.

"मी मैदानात असतो तर तो गोल झाला नसता," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

"नसता झाला."

"मग? पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल?"

"बाहेरच काढीन."

टॅटरसॉलने एक कचकचीत शिवी हासडली. मग बूट पुसले आणि आत आला.