लिफ्टरची सोयरीक

एकाहत्तर साली देवळाली प्रवऱ्यात एकच वाद होता. व्हॉलीबॉलमध्ये मोठा कोण, नेटजवळ बॉल उचलून देणारा लिफ्टर की उडी मारून तो हाणणारा? लिफ्टर मी. माझ्या मते वाद नव्हताच. पण लोकांना अक्कल कमी. शॉट मारायचा अलीम, आणि खांद्यावर घ्यायचे तेही अलीमलाच. मी आपला नेट सोडत बसायचो.

त्यातच राहुरीच्या टीमबरोबरच्या मॅचला मिरजगावचे पुंजाराम पाटील मला बघायला आले. त्यांची मुलगी चांगुणा मी आधी पाहून आलो होतो. ती मनात इतकी भरली होती की माझी जेवणावरची वासना उडाली होती. पाहुण्यांना लोखंडी खुर्ची टाकून ग्राउंडच्या कडेलाच बसवलं. त्या दिवशी मी असे बॉल उचलले की अलीमच्या जागी खांब असता तरी त्याला पॉइंट मिळाले असते.

दुसरा गेम संपला. दोन्ही टीमचा एकेक झाला होता. तेवढ्यात सहादेवचुलते तोंड पाडून आले.

"पाव्हणं न्हाई म्हनत्यात."

"का?"

"म्हनत्यात, पोरगं हातात आल्यालं एकदाबी सोताकडं ठेवीत न्हाई. उचलून दुसऱ्याला देतंय. चौघं भाऊ हायेत. उद्या वाटण्या झाल्या तर आमच्या पोरीला बांध तरी ऱ्हाईल का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आता ह्या माणसाला खेळ कोण शिकवणार?

तिसऱ्या गेमला ते चौदा, आम्ही तेरा, सर्व्हिस त्यांची. बॉल बरोबर माझ्या डोक्यावर आला. अलीमनं उडी घेतली होती. मला मात्र खुर्ची दिसली, चांगुणा दिसली, आणि मीच बॉल हाणला. तो नेटमध्ये गेला. मॅच गेली.

गाव शिव्या देत असताना पुंजाराम पाटील हसत उठले. "पडला तर पडला. पन आपला म्हनून मारला. द्या साखर."

तिथंच सुपारी फुटली. साखर वाटत मी अलीमपाशी आलो. तो खाली बसून पायाची धूळ झटकत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शिव्या दे लेका," मी म्हटलं.

"कशाला? सोयरीक झाली, चांगलं झालं." मग म्हणाला, "गहिन्या, वर गेल्यावर मागं बघता येत न्हाई रं. तू देनार म्हनूनच मी उडी मारतो."

हातातली साखरेची पुडी मी अख्खीच्या अख्खी त्याच्या ओंजळीत ओतली. सासरे खुर्चीवरून टक लावून बघत होते. म्हटलं, बघू दे.