पापडीवरची फौज

मानसिंगरावांची परसबाग माझ्या भिंतीला लागून. तिथे किडीच्या औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. मी कोयलीच्या रिफायनरीत केमिस्ट. मला तो शुद्ध अडाणीपणा वाटे, आणि तसं मी तोंडावर सांगतही असे. माझी जीभ मला कधी आवरलीच नाही.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात त्यांच्या वालपापडीच्या वेलावर माव्याची कीड पडली. शेंडे काळे, चिकट झाले. वेल साधासुधा नव्हता. त्यांच्या मुलीनं, संयोगितेनं, सुरतेच्या देसायांकडे स्वतःच लग्न जमवलेलं, दोन्ही घरं अजून अवघडलेली. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, व्याही पहिल्यांदाच आमच्या रावपुऱ्यात येणार होते आणि "उंधियू माझ्याच पापडीचं" असं मानसिंगराव फोनवर सांगून बसले होते. तेही सुरतेच्या माणसाला, जिथली पापडी नावाजलेली!

"एक फवारा, चार दिवसांत साफ," मी बाटली नाचवत म्हणालो.

"बाटली राहू द्या, रमाकांतराव. मी फौज आणतो."

घराण्यात सगळे गायकवाडी शिपाई, तेव्हा भाषा तीच. रोज सकाळी ते रेल्वेच्या भिंतीलगतच्या रुईवरून तपकिरीच्या डबीत काहीतरी गोळा करून आणत. मी विचारलं नाही. विचारलं तर शिकावं लागतं.

एका रविवारी ते बाहेर गेलेले. मी भिंतीवरून पाहिलं, तर वेलावर काळे, काटेरी, नारिंगी डागांचे ओंगळ किडे! औषध चालत नाही ना, ठीक आहे. तासभर खपून मी एकूण एक वेचला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला. ते परतल्यावर वाडगा अभिमानानं पुढे केला.

मानसिंगराव कुंडीच्या कडेला बसले. वाडग्यातला एक किडा त्यांनी बोटावर घेतला.

"ही ढालकिड्याची पिल्लं होती. लाल, ठिपक्यांचा असतो ना, त्याची. ही मावा खातात."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. उत्तरायणाला सोळा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ते डबी घेऊन निघाले, तेव्हा मी स्कूटर काढून दारात उभा होतो. त्यांनी शिकवलं: पिल्लू चिमटीत धरायचं नाही, पानासकट उचलायचं. मुंग्या माव्याची राखण करतात, म्हणून वेलाच्या बुडाशी एरंडेलात भिजवलेली चिंधी बांधायची. साठीचा माणूस रुईच्या पानामागे डोकावून आनंदानं हसायचा. मी मात्र चिकानं माखलेला. आम्ही काही हरवलेलं शोधतोय असं वाटून एका भाजीवाल्यानं विचारलं, "शुं खोवायुं, काका?"

"अक्कल," मी म्हणालो.

दहाव्या दिवशी शेंड्यांना कोवळी हिरवी पालवी दिसली. एवढी वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण असा प्रयोग मी पाहिला नव्हता. हा माणूस नुसता पाहत बसायचा, आणि त्या पाहण्यातूनच त्याला सगळं कळायचं. मनोमन मी त्यांना हात जोडले.

उत्तरायणाला गच्चीवर पंगत बसली. देसाई व्याह्यांनी एक शेंग सोलून पाहिली, दाणा तोंडात टाकला, मग दुसरी, तिसरी.

"वेवाई, कई दवा छांटी?"

"दवा कसली फवारायची! पापडी ह्यांनी वाचवली, आमच्या शेजाऱ्यांनी," मानसिंगराव माझ्याकडे हात करून म्हणाले. संयोगिता आमच्याकडे पाहून हसली.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक डाव उंधियू वाढलं.

"आधी जेवा, रमाकांतराव."

जन्मात पहिल्यांदा माझी जीभ आवरली.