दहा गॅलनचं पातेलं

डेलबर्टने दहा गॅलनचं, खाली नळ असलेलं पातेलं घेतलं तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. डेलबर्ट म्हणजे माझ्या बहिणीचा दीर. तो गॅरेजात गॅसच्या भल्यामोठ्या शेगडीवर बिअर करतो. मी करतो मिलवॉकीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, विजेच्या शेगडीवर, अडीच गॅलनच्या पातेल्यात. एका वेळी डझनभर बाटल्या होतात.

भाचीचं, मारेनचं, लग्न ठरलं. ती म्हणाली, "मामा, लग्नात तुझी सोनेरी बिअर हवी हं."

डेलबर्ट शेजारीच होता. "ऑरिन, ऐंशी माणसं यायचीत. तुझ्या त्या दुधाच्या भांड्यात काय होणार? बिअर मी आणतो, तू ग्लास विसळ."

सगळे हसले, मारेनसुद्धा. ते मला फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी मीही दहा गॅलनचं पातेलं आणलं.

"उकळणार आहे का हे आपल्या शेगडीवर?" बायकोने, नॅडीनने, विचारलं.

"दोन बर्नरवर मिळून ठेवतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिला बरोबर कळलं होतं. तीन तास झाले तरी कडेला चार बुडबुडे. शेवटी मी झाकण घातलं, तेव्हा कुठे पाणी उसळलं. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पाणी उकळताना झाकण ठेवू नका, वाफेबरोबर जायचा वास आतच कोंडतो, असं नवशिक्यांना बारा वर्षं मीच सांगत आलोय. पण त्या दिवशी मला पातेल्यात डेलबर्टच दिसत होता.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा मारेन चव बघायला आली. बाटली उघडताच उकडलेल्या मक्याचा वास सुटला. तिने एक घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

"मामा, ही तुझी नेहमीची नाही."

"ऐंशी जणांना पुरायला नको?"

"त्यांच्यासाठी काका आणतोय की. मला फक्त आमच्या टेबलापुरत्या बारा बाटल्या हव्या होत्या. तुझ्या हातच्या."

बिअर तयार व्हायला तीन आठवडे लागतात.

लग्नात नवरानवरीच्या टेबलावरही डेलबर्टचीच बिअर होती. त्याने माझ्या ग्लासाला ग्लास भिडवला. "कशी झालीय?"

"छान," मी म्हणालो. ती खरंच छान झाली होती, म्हणून तर तो मला आणखीच नकोसा झाला.