चेनीतला दोरा

अंबादासने बॅगेची चेन एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली आणि लेकीला हाक मारली.

"शैलू, इकडे पाय. कालपासून अडून राहिली होती. लोण्यावानी चालते आता."

शैलजा हसत आली आणि दारातच थांबली. बापाच्या काळ्या चिमटीत तिचा ग्राफाइटचा तुकडा होता. शेजारी डबी उघडी पडली होती.

"बाबा, हे काहून घेतलं?"

"ग्राफाइटच हाय ना? कारखान्यात कुलपाले हेच चोळत होतो आम्ही."

ती मटकन खाटेवर बसली. रांझीच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला होता, ग्राफाइट त्याला ओळखू येणारच. पण तुकडा एकच होता. परदेशातल्या एका प्रचंड चुंबकावर काम करायचा तिचा नंबर वर्षभराने लागला होता आणि गाडी दुपारची होती.

"त्या चुंबकात ठेवून यावर इन्फ्रारेड उजेड टाकायचा, बाबा. चुलीची आच दिसत नाही, पण लागते ना? तसा. चुंबकात आतले इलेक्ट्रॉन गोल फिरतात. किती उजेड परत येतो, त्यावरून त्यांची चाल कळते. त्याच्यासाठी याची बाजू आरशासारखी लख्ख पाहिजे. तुम्ही तर ओरखडला."

चहा घेऊन आलेली शैलजाची आई मालनबाई कप धरून तशीच उभी राहिली.

शैलजाने चिकटपट्टी काढली. "याचे थर सुटतात. ओरखडा खोल नसला तर वाचलो."

तिने पट्टी दाबली, ओढली. काळा पापुद्रा निघाला, ओरखडा तसाच. पुन्हा दाबली, पुन्हा ओढली. खालची बाजू लख्ख निघाली. खिडकीचे गज तीत उमटले.

"वाचलो!" तिने डोळे पुसले. गालाला काळं लागलं.

"आधी यांच्या हातालेच कुलूप लावा," मालनबाई म्हणाली.

तिघंही हसली. शैलजा तोंड धुवायला मागे गेली. मोरीत पाणी वाजू लागलं, तेव्हा अंबादासने खिशातून पीळ दिलेला हिरवा दोरा काढून मालनबाईच्या तळहातावर ठेवला.

"चेनीत ठासून भरला होता. तुह्या शिवणाच्या डब्यातला हाय."

तिने मूठ मिटली.

"लय दूर चालली ना पोरगी," ती म्हणाली. "तिले सांगतलं?"

"काहून सांगू?" त्याने गार झालेला कप उचलला. "तिच्या डब्यात भाकरी जास्तीची बांध."